नेट चालू, पण पान उघडेना: घरासाठी मोफत डीएनएस कसा निवडायचा

महिन्याची २० तारीख होती. मी सांगलीत विश्रामबागेत राहते आणि घरूनच लहान दुकानदारांची जीएसटीची रिटर्न्स भरते, त्यामुळे २० तारखेला आमच्याकडे लगीनघाई असते. संध्याकाळी सातच्या सुमारास पोर्टलचं पान उघडेनासं झालं. बँकेचंही उघडेना. राऊटरवरचे सगळे दिवे मात्र हिरवे होते आणि व्हॉट्सॲपवर मेसेज येत-जात होते. नेट देणाऱ्या दादाला फोन लावला.

"ताई, राऊटर बंद करून चालू करा."

केला. पाच मिनिटांनी पुन्हा फोन.

"ताई, आमच्याकडून तर लाइन ओके दाखवतेय."

तो खोटं बोलत नव्हता. लाइन खरंच ओके होती. शेवटी पुण्यात नेटवर्किंगचं काम करणाऱ्या भाच्याला गाठलं. त्याने मला लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी उघडायला लावली. 'पिंग', मग एक जागा सोडून ८.८.८.८ असं टाईप करून एंटर दाबलं, तर चार ओळी भराभर आल्या, चारही उत्तराच्या. मग त्याच जागी आकड्यांऐवजी 'गुगल डॉट कॉम' टाकलं, तर 'असा होस्ट सापडत नाही' अशा अर्थाची एकच ओळ आली.

"मावशी, रस्ता चालू आहे. पत्ता सांगणारा झोपलाय," भाचा म्हणाला.

त्याने फोनवर सांगत सांगत लॅपटॉपमधला डीएनएस, म्हणजे तो पत्ता सांगणाराच, बदलून घेतला. दोन मिनिटांचं काम. पोर्टल उघडलं आणि रात्री अकरापर्यंत उरलेली पाचही रिटर्न्स गेली. ही पिंगची दोन ओळींची परीक्षा प्रत्येक घरात एकाला तरी यायला हवी. आकड्याला उत्तर येतं आणि नावाला येत नाही, तर दुखणं डीएनएसचं. दोन्हींना येत नाही, तर लाइनचं, आणि मग त्या दादाच्या मागे लागायचं.

त्या रात्रीपुरतं काम भागलं होतं. पण घरात सासरे आहेत, सहावीतली मुलगी आहे, नवऱ्याचा ऑफिसचा लॅपटॉप आहे, माझी रिटर्न्स आहेत. सगळ्यांसाठी कुणाचा डीएनएस लावायचा हे ठरवायला पुढे मला बरेच दिवस लागले. ते दिवस तुमचे वाचावेत म्हणून हे लिहितेय.

डीएनएस म्हणजे काय ते थोडक्यात. इंटरनेटवर प्रत्येक यंत्राचा पत्ता आकड्यांत असतो, त्याला आयपी पत्ता म्हणतात, आणि माणसं नावं लक्षात ठेवतात. नाव दिलं की आकडा सांगणारी व्यवस्था म्हणजे डीएनएस. पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये तिचा आराखडा मांडला आणि आजही जग त्यावरच चालतं. बातम्यांचं एक पान उघडलं तरी मागे कितीतरी नावं विचारली जातात: फोटो एका नावावरून येतात, जाहिराती दुसऱ्या, मोजणी करणारे आणखी तिसऱ्या. व्हॉट्सॲप त्या संध्याकाळी चालू राहिलं ते यामुळेच. त्याची जोडणी आधीच झालेली होती, त्याला नव्याने पत्ता विचारायची गरज पडली नाही.

तुम्ही काही केलं नसेल, तर हे पत्ते तुमची नेट कंपनीच सांगते. तिच्याऐवजी गुगल, क्लाउडफ्लेअर, क्वाडनाईन अशा कुणाला विचारायचं ठरवलं, तर पैसे पडत नाहीत, नाव नोंदवावं लागत नाही आणि नेट कंपनीची परवानगीही लागत नाही.

आता एक गैरसमज आधीच काढून टाकते, कारण डीएनएसचं विचारायला माझ्याकडे येणारे निम्मे लोक त्याच आशेने येतात. डीएनएस बदलल्याने इंटरनेटचा वेग वाढत नाही. १०० एमबीपीएसचा प्लॅन असेल तर तो १०० चाच राहतो. पोरांच्या गेममधला पिंग (उत्तर यायला लागणारा वेळ) उतरत नाही, कारण खेळ सुरू झाल्यावर पत्ता विचारायचा प्रश्नच येत नाही. नेट कंपनीचा डीएनएस आळशी असेल, तर पान उघडायला सुरुवात होण्याआधी जो क्षणभर थबका बसतो, तेवढा जातो. आणि तुमच्या कंपनीचा डीएनएस नीट चालत असेल, तर तो तुमच्या सगळ्यात जवळ असल्याने अंतराच्या हिशेबात बाहेरच्या कुणालाही हरवू शकतो. तेव्हा 'सगळ्यात वेगवान कोण' इथून सुरुवात करू नका.

वही कुणाच्या हातात

मी सुरुवात करते ती वहीपासून. दुकानदाराची वही माझ्या हातात आली की त्याचा माल कुठून येतो, उधारी कुणाची थकलीय, सगळं मला न विचारता कळतं. डीएनएस चालवणाऱ्याच्या हातात तुमच्या घराची अशीच वही असते. तुमचा पासवर्ड, मेलमधला मजकूर त्याला दिसत नाही. पण कोणत्या बँकेच्या साईटवर गेलात, कोणत्या आजाराची माहिती देणाऱ्या साईटवर रात्री दोनला गेलात, ती नावं त्याला दिसतात. म्हणून तो ही वही किती दिवस ठेवतो, हा पहिला प्रश्न.

गुगलची सेवा डिसेंबर २००९ पासून आहे, पत्ते ८.८.८.८ आणि ८.८.४.४. तुमचा पूर्ण आयपी पत्ता असलेली तात्पुरती नोंद २४ ते ४८ तासांत पुसतो असं त्यांचं धोरण सांगतं. कायमच्या नोंदींत तो पत्ता राहत नाही, शहरापर्यंतचं ठिकाण राहतं. क्लाउडफ्लेअर १ एप्रिल २०१८ ला आली, पत्ते १.१.१.१ आणि १.०.०.१. त्यांचं म्हणणं, नोंदी २५ तासांत जातात. क्वाडनाईन नोव्हेंबर २०१७ मध्ये आयबीएम, पॅकेट क्लिअरिंग हाऊस आणि ग्लोबल सायबर अलायन्स यांनी मिळून सुरू केली, पत्ते ९.९.९.९ आणि १४९.११२.११२.११२. ती ना-नफा संस्था आहे, २०२१ पासून तिचं मुख्य ठिकाण स्वित्झर्लंडमध्ये आहे आणि विचारणाऱ्याचा आयपी पत्ता आम्ही नोंदवतच नाही अशी तिची भूमिका आहे. नुसत्या वहीचा विचार केला तर माझं मत क्वाडनाईनला. जाहिरातींचा धंदा नसलेल्याच्या हातात वही असलेली मला बरी वाटते.

मात्र डीएनएस बदलला म्हणजे नेट कंपनीला आता काहीच दिसत नाही, असं समजू नका. साधा डीएनएस उघड्या पोस्टकार्डासारखा जातो, वाटेतल्या कुणालाही वाचता येतो. तो पाकिटात घालून पाठवायची सोय आहे, तिच्याकडे पुढे येते. पण पाकिटात घातला तरी साईटशी जोडणी सुरू होताना तिचं नाव बहुतेक वेळा उघडंच जातं. म्हणूनच सरकारी आदेशाने बंद झालेली साईट डीएनएस बदलून उघडेल, ही आशाही धरू नये. कंपन्या फक्त डीएनएसमध्येच अडवतात असं नाही.

वही चुकीच्या हातात गेली तर काय होतं, याचं एक जुनं उदाहरण मी सगळ्यांना सांगते. डीएनएसचेंजर नावाचा एक व्हायरस होता. तो संगणकातला, कधी कधी राऊटरमधलाही, डीएनएसचा पत्ता गुपचूप बदलायचा. शंभरहून जास्त देशांतले सुमारे ४० लाख संगणक एस्टोनियातल्या एका टोळीच्या डीएनएसला पत्ते विचारत होते. टोळी त्यांना हव्या त्या जाहिरातींकडे वळवून पैसे करत होती. नोव्हेंबर २०११ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने टोळी पकडली. पण ते सर्व्हर एकदम बंद केले असते तर लाखो घरांना 'नेट बंद पडलं' असंच वाटलं असतं. म्हणून कोर्टाच्या परवानगीने त्याच जागी चांगले सर्व्हर चालवले, ते ९ जुलै २०१२ पर्यंत. तेव्हा डीएनएस बदलायला राऊटरमध्ये शिरालच, तर आधी राऊटरचा ॲडमिन पासवर्ड बदला. 'ॲडमिन-ॲडमिन' ठेवला असेल तर पुढचं सगळं वाया आहे.

सासरे, मुलगी आणि टीव्ही

दुसरा प्रश्न: नुसता पत्ता सांगणारा हवा, की वाईट ठिकाणचा पत्ता न सांगणारा हवा?

माझ्या सासऱ्यांना तो मेसेज आला होता, 'तुमचा वीजपुरवठा आज रात्री ९.३० वाजता बंद होईल'. महाराष्ट्रात किती जणांना आला असेल तो. ते फोन हातात घेऊन चष्मा शोधत होते, तेवढ्यात मी आले म्हणून निभावलं. अशा मेसेजमध्ये लिंक असते, लिंकमध्ये साईटचं नाव असतं, आणि ते नाव फसवणुकीच्या यादीत आलेलं असेल तर क्वाडनाईन 'असं नावच अस्तित्वात नाही' असं उत्तर देतो. पान उघडतच नाही. क्लाउडफ्लेअरच्या १.१.१.२ या पत्त्यावरही हेच काम होतं, जोडीचा पत्ता १.०.०.२. गुगलचा ८.८.८.८ अशी गाळणी लावत नाही.

ज्या घरात वयस्कर माणसं स्वतःचे बँक व्यवहार फोनवर करतात, तिथे मी गाळणीवाला डीएनएसच लावते. पण घरच्यांना हेही सांगून ठेवते की तासाभरापूर्वी बनवलेली खोटी साईट कुठल्याच यादीत नसते. शिवाय व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिकेच्या नावाने जी एपीके फाईल (फोनमध्ये ॲप बसवणारी फाईल) येते, ती डीएनएसच्या हातातली गोष्ट नाही. ती उघडायची नाही म्हणजे नाही. आणखी एक: क्वाडनाईन अडवतो तेव्हा लाल रंगाचा इशारा येत नाही, नेहमीसारखंच 'साईट सापडली नाही' दिसतं. सासऱ्यांना हे सांगितलं नव्हतं तेव्हा ते लिंक पुन्हा पुन्हा दाबत बसले होते.

मुलांसाठी क्लाउडफ्लेअरचा १.१.१.३ आहे, जोडीला १.०.०.३. तो फसव्या साईट्सबरोबर प्रौढांच्या साईट्सही अडवतो. एप्रिल २०२० मध्ये तो सुरू झाला त्याच दिवशी त्यात समलिंगी समाजाच्या माहितीच्या साईट्सही अडकल्या होत्या. कंपनीने चूक मान्य करून दुरुस्त केली. गाळणी कुणाचीही असो, तिच्या यादीत माणसाचा निर्णय असतो आणि तो चुकतो, हे लक्षात असू द्या. याहून कडक हवा असेल तर क्लीनब्राउझिंगचा फॅमिली फिल्टर, पत्ते १८५.२२८.१६८.१६८ आणि १८५.२२८.१६९.१६८. तो गुगलचा सेफ सर्च सक्तीने चालू ठेवतो, यूट्यूब मर्यादित करतो, व्हीपीएनच्या (आडवाटेने नेट वापरू देणाऱ्या) आणि रेडिटसारख्या, चांगलं-वाईट दोन्ही असणाऱ्या मिसळ साईट्सही बंद करतो. मी तो राऊटरमध्ये न लावता फक्त मुलीच्या टॅबमध्ये लावलाय. राऊटरमध्ये लावला असता तर मोठ्यांचीही कामं अडली असती.

आणि हे कुणी फारसं सांगत नाही: डीएनएसला फक्त साईटचं नाव दिसतं, तिच्या आतलं पान दिसत नाही. यूट्यूबवरचा एक व्हिडिओ चालू आणि दुसरा बंद, असं त्याला करता येत नाही. मुलगी काय बघते ते शेजारी बसूनच कळतं.

जाहिराती नकोत म्हणून बरेच जण ॲडगार्ड लावतात, पत्ते ९४.१४०.१४.१४ आणि ९४.१४०.१५.१५. फुकटच्या ॲपमधल्या आणि टीव्हीच्या होम स्क्रीनवरच्या जाहिराती बऱ्याच जातात. यूट्यूबमधल्या जात नाहीत, कारण त्या व्हिडिओबरोबर त्याच ठिकाणाहून येतात. गैरसोय अशी, की गुगलवर काही शोधलं आणि वरची 'प्रायोजित' लिंक दाबली की ती उघडत नाही, आणि घरचे म्हणतात नेट गेलं. मी तो आठवडाभर राऊटरवर ठेवला आणि काढला. फक्त टीव्हीवर ठेवा, तिथे त्याचं सोनं होतं.

ओपनडीएनएस या सगळ्यांतला जुना, २००६ पासूनचा. २०१५ मध्ये सिस्कोने घेतला. पत्ते २०८.६७.२२२.२२२ आणि २०८.६७.२२०.२२०. चांगला आहे, पण वरच्यांपेक्षा वेगळं असं मला त्यात घरासाठी काही सापडलं नाही. आणि एक खबरदारी: जुन्या लेखांतल्या याद्यांवर जाऊ नका. नॉर्टनचा कनेक्टसेफ एकेकाळी प्रत्येक यादीत असायचा, तो नोव्हेंबर २०१८ मध्ये बंद झाला.

आपल्या घरातून मोजा

तिसरा प्रश्न अंतराचा, आणि तो दुसऱ्याच्या घरातल्या मोजणीवरून सुटत नाही. या मोठ्या सेवांचा एकच पत्ता जगभरातल्या अनेक शहरांतले सर्व्हर मिळून वापरतात. तुमचा प्रश्न त्यातल्या कोणत्या शहरात जाणार हे तुमच्या नेट कंपनीच्या जोडण्यांवर ठरतं. गुगल, क्लाउडफ्लेअर आणि क्वाडनाईन या तिघांचेही सर्व्हर मुंबईत आहेत. तरी एखाद्या कंपनीकडून क्वाडनाईनचा रस्ता मुंबईत न थांबता परदेशात जातो.

कसं बघायचं? तीच काळी खिडकी. रात्री नऊ-दहाला, सगळी गल्ली नेटवर असते तेव्हा, एकेका पत्त्याला पिंग करा आणि शेवटचा सरासरीचा आकडा लिहून ठेवा. तीन-चार दिवस करा. माझ्याकडे तिन्हींचा आकडा दहा-पंधरा मिलिसेकंदांच्या घरात आला, म्हणजे तिघंही मुंबईतच थांबतात आणि मला वेगावरून निवड करायचं कारण उरलं नाही. एखादा ७०-८० च्या वर येत असेल, तर तो सिंगापूरसारख्या ठिकाणी जातोय असं समजा आणि दुसरा घ्या. दोघांत पाच-सहा मिलिसेकंदांचा फरक असेल तर सोडून द्या, तो डोळ्याला कळत नाही.

पिंगमध्ये न दिसणारी एक गोष्ट आहे. सिनेमे-मालिका दाखवणाऱ्या मोठ्या कंपन्या आपल्या मालाच्या प्रती गावोगावच्या नेट कंपन्यांच्या आत ठेवतात. तुम्हाला कोणत्या कोठारातून माल द्यायचा, हे काही जण डीएनएसचा प्रश्न कुठून आला त्यावरून ठरवतात. बाहेरचा डीएनएस लावला की कधी कधी जवळचं कोठार सोडून लांबचं मिळतं आणि एरवी नीट चालणारा सामना अडखळायला लागतो. गुगल यावर उपाय म्हणून तुमच्या पत्त्याचा अर्धवट भाग पुढे कळवतो. क्लाउडफ्लेअर आणि ९.९.९.९ खासगीपणासाठी तो कळवत नाहीत. क्वाडनाईनचाच ९.९.९.११ हा पत्ता गाळणीही लावतो आणि तो भागही कळवतो. बदल केल्यावर व्हिडिओ अडखळायला लागले तर आधी हा लावून बघा.

लावायचा कसा

पत्ते मी इथे मराठी आकड्यांत लिहिलेत. यंत्रात टाकताना इंग्रजी आकडे टाका.

सगळ्या घराला एकदम लावायचं तर राऊटरमध्ये. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाका, नाही उघडलं तर १९२.१६८.०.१. नाव आणि पासवर्ड डब्याच्या पोटावरच्या स्टिकरवर असतो. आत गेल्यावर काहीही दाबायच्या आधी प्रत्येक पानाचा मोबाईलने फोटो काढा. मग 'लॅन' आणि त्यात 'डीएचसीपी' शोधा. तिथे प्रायमरी आणि सेकंडरी डीएनएस अशा दोन चौकटी असतात, त्या भरायच्या. 'वॅन' नावाच्या पानाला हात लावू नका. तिथे कंपनीने दिलेलं लॉगिन असतं. ते पुसलं गेलं की नेट पूर्ण बंद आणि दादा येईपर्यंत बसून राहा. आमच्या समोरच्या वहिनींकडे नेमकं हेच झालं, आणि तेही शनिवारी रात्री.

बदल सेव्ह केल्यावर फोन-लॅपटॉपचं वायफाय एकदा बंद करून चालू करा, नाहीतर जुनाच पत्ता काही वेळ चालत राहतो.

आता सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट. आपल्याकडच्या बऱ्याच कंपन्या जुन्या आयपीबरोबर नवा आयपीव्ही६ पत्ताही देतात, आणि यंत्रं पुष्कळदा त्यालाच पहिली पसंती देतात. तुम्ही वरचे चार आकड्यांचे पत्ते बदलले, पण आयपीव्ही६ च्या चौकटी तशाच सोडल्या, तर निम्मे प्रश्न अजूनही नेट कंपनीलाच जातात. गाळणी लावलीय म्हणून तुम्ही निर्धास्त, आणि ती गळतेय. राऊटरमध्ये आयपीव्ही६ चं वेगळं पान असतं, तिथेही भरा. गुगलचा २००१:४८६०:४८६०::८८८८, क्लाउडफ्लेअरचा २६०६:४७००:४७००::११११ आणि त्याच्याच फसवणूक-गाळणीचा शेवट ::१११२, क्वाडनाईनचा २६२०:एफई::एफई (इंग्रजी 'एफ' आणि 'ई' ही अक्षरं).

काही कंपन्यांच्या डब्यात या चौकटी कुलूपबंद असतात. मग यंत्रागणिक लावायचा. अँड्रॉइडवर हे सगळ्यात सोपं आणि चांगलंही आहे. अँड्रॉइड ९ पासून सेटिंगमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' असतो (सापडला नाही तर सेटिंगच्या शोध चौकटीत तेच नाव टाका). हेच ते पाकीट: प्रश्न बंद होऊन जातो, वाटेत वाचता येत नाही. इथे आकडे चालत नाहीत, नाव टाकावं लागतं. गुगलसाठी 'डीएनएस डॉट गुगल'. क्वाडनाईनसाठी 'डीएनएस डॉट क्वाड९ डॉट नेट'. क्लाउडफ्लेअरसाठी इंग्रजी 'वन' हा शब्द अक्षरांत चार वेळा, मधे डॉट. मुलांच्या गाळणीसाठी 'फॅमिली डॉट क्लाउडफ्लेअर-डीएनएस डॉट कॉम'. सगळी अक्षरं लहान, मधे जागा नाही. याचा मोठा फायदा असा, की घराबाहेर मोबाईल डेटावरही तोच चालतो. सासऱ्यांच्या फोनमध्ये म्हणूनच क्वाडनाईन इथे लावलाय, राऊटरच्या भरवशावर सोडला नाही. ते देवळात, बाजारात असताना आमचा राऊटर त्यांच्या काय कामाचा?

एक अडचण येते. स्टेशनवरच्या किंवा हॉटेलच्या वायफायला आधी लॉगिनचं पान लागतं, आणि प्रायव्हेट डीएनएस चालू असला की ते पान कधी कधी येतच नाही. तेवढ्यापुरता तो 'ऑटोमॅटिक' करायचा, लॉगिन झालं की परत लावायचा.

आयफोनवर वायफायच्या नावापुढच्या 'आय' वर जाऊन 'कॉन्फिगर डीएनएस' मॅन्युअल करता येतो, पण तो त्या एका वायफायपुरताच. विंडोज ११ मध्ये नेटवर्कच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर प्रॉपर्टीज, तिथे डीएनएसपुढे 'एडिट', मग मॅन्युअल. तिथेच 'डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस' चालू केलं की लॅपटॉपचे प्रश्नही पाकिटातून जातात. ऑफिसच्या लॅपटॉपला मात्र हात लावू नका. ऑफिसच्या आतली नावं फक्त ऑफिसच्या डीएनएसलाच माहीत असतात.

दोन चौकटींत काय भरायचं, यावर मी बराच विचार केला. लोक समजतात दुसरी चौकट राखीव असते, पहिला पडला तरच वापरली जाते. तसं नाही. यंत्रं दोन्हींना हवं तसं विचारतात. म्हणून पहिल्यात मुलांची गाळणी आणि दुसऱ्यात ८.८.८.८ भरलं, तर गाळणी अधूनमधून लागते आणि अधूनमधून लागत नाही. दोन्हींत एकाच कंपनीचे पत्ते भरले तर दुसरा धोका. १५ जुलै २०२५ ला आपल्याकडे पहाटे ३.२२ ला क्लाउडफ्लेअरच्या स्वतःच्या सेटिंगमधल्या चुकीमुळे १.१.१.१ आणि १.०.०.१ दोन्ही जगभर एकदम बंद पडले, ६२ मिनिटं. म्हणून माझा नियम: कंपन्या दोन, पण गाळणी एकाच जातीची. आमच्या राऊटरमध्ये पहिला ९.९.९.९ आणि दुसरा १.१.१.२ आहे. दोघंही फसव्या साईट्स अडवतात, दोघंही मुंबईत थांबतात, आणि एक झोपला तर दुसरा जागा असतो.

लागला की नाही ते तपासायला क्वाडनाईनची 'ऑन डॉट क्वाड९ डॉट नेट' ही साईट आहे, ती हो-नाही सांगते. लॅपटॉपवर 'नाही' आलं आणि राऊटर बरोबर असेल, तर क्रोमच्या सेटिंगमध्ये 'सिक्युअर डीएनएस' बघा. तिथे दुसऱ्या कुणाचं नाव निवडलेलं असेल तर ब्राउझर राऊटरला विचारतच नाही. व्हीपीएन चालू असेल तरी तेच. माझ्यासारखी दोन कंपन्यांची जोडी असेल तर तपासताना दुसरी चौकट तात्पुरती रिकामी ठेवा, नाहीतर उत्तर कधी हो, कधी नाही येतं.

आमच्या राऊटरच्या पोटाला मी एक कागद चिकटवलाय. त्यावर जुने पत्ते, नवे पत्ते, बदलल्याची तारीख आणि खाली एक ओळ: 'काही अडलं तर लॅनच्या पानावर दोन्ही चौकटी रिकाम्या करून सेव्ह करा, आयपीव्ही६ च्या पानावरही तेच, आधीसारखं होईल.' मी घरी नसताना एकदा नवऱ्याने तो कागद वाचूनच काम केलं.